साड्यांचं कुंपण

पिंपळढोडा, सोमवार, १६ सप्टेंबर २०२४

ती. उत्तराताईंना जयवंताचा नमस्कार.

पत्र पाहून तुम्ही घाबराल, म्हणून आधीच सांगते, मी बरी आहे. काल तुमचा फोन आला तेव्हा माझ्या कानातल्या यंत्राने शिट्टी धरली. तुम्ही काय बोललात ते मला कळलं नाही आणि मी आपली हो हो करत राहिले. फोन ठेवल्यावर वाटलं, कशाकशाला हो म्हटलं देव जाणे. रामदासपेठेत तुमच्याकडे कायमचं राहायला येण्याबद्दल असेल, तर तो होकार धरू नका.

आधी फोन हेच घ्यायचे आणि तुमचं बोलणं मला मोठ्याने सांगायचे. ती सोय गेली. म्हणून ही नवीन सोय काढली आहे. आमच्या गावचा रामाजी मंगळवारी आणि शुक्रवारी भाजीचा टेम्पो घेऊन कॉटन मार्केटला येतो. परतताना तो तुमच्या फाटकाशी थांबेल. त्याला चहा द्या, साखर जास्त लागते.

आता कामाचं. तुमच्या भावाला जाऊन गुरुवारी दोन महिने होतील. दवाखान्यात जायच्या दहा दिवस आधी त्यांनी इथली पेरणी संपवली होती. एका एकरात सोयाबीन आहे, ते बळीरामच्या तिफणीने पेरलं. उरलेल्या दोन एकरांत कपाशी आणि मध्ये तुरीच्या ओळी. कपाशी मात्र त्यांनी कुणाला टोबू दिली नाही. एकेक सरकी स्वतः वाकून टोबली. कारकुनी करून वाकलेली पाठ, मी म्हटलं बाया लावू, तर म्हणाले, सेवानिवृत्त माणसाला दुसरं काम काय. ते पीक आता कमरेला आलं आहे आणि ते पाहायला ते नाहीत.

हे पीक मला घरात आणायचं आहे. बाकीचं सगळं, मी कुठे राहायचं, शेत ठेवायचं की द्यायचं, ते नंतर. त्यांनी लावलेलं जनावराच्या पोटात जाऊ द्यायचं नाही, एवढंच मी ठरवलं आहे.

नाल्याकडून रानडुकरं यायला लागली आहेत. परवा सोयाबीनचा एक कोपरा नांगरल्यासारखा केला. रोहीही आहेत, त्या नीलगायी कपाशीची हिरवी बोंडं खातात. शेजारचा बळीराम म्हणतो, शेताला चारी बाजूंनी जुन्या साड्या बांधा. इथे सगळेच बांधतात. तुमच्या इमारतीतून तीसेक साड्या जमतील का? नेसून जुन्या झालेल्या हव्यात, न धुतलेल्या चालतील.

सुमंतरावांना नमस्कार.

जयवंता

———

रामदासपेठ, नागपूर, मंगळवार, २४ सप्टेंबर

चि. जयवंता,

आशीर्वाद. तुझा रामाजी आला. साखर जास्त म्हणजे किती ते तू लिहायला हवं होतंस. चार चमचे घालून झाल्यावर त्याने कप पुढे केला आणि म्हणाला, "आनखी थोडी टाका ना बाई."

तू फोनवर हो म्हणालीस ते रामदासपेठेबद्दलच होतं. मी ते धरून ठेवलं आहे.

साड्या चौतीस झाल्या. आमच्या इमारतीत सहा मजले आहेत आणि प्रत्येक मजल्यावर मला बसवून सरबत पाजण्यात आलं. तिसऱ्या मजल्यावरच्या अस्मिताने दिलेली गुलाबी साडी मला स्वतःला ठेवून घ्यावीशी वाटली. डुकरांना इतका चांगला जरीकाठ कशाला, असं तिला म्हटलं, तर म्हणाली, काकू, जनावरांनीही कधी चांगलं बघावं.

तू लिहिलंस न धुतलेल्या चालतील. तुला चालतील गं, पण लोकांच्या अंगावरून उतरलेल्या मळक्या साड्या माझ्या वहिनीच्या शेताला बांधलेल्या, हे मला पाहवणार नाही. तुझं घर आहे तिथे. येणारा-जाणारा काय म्हणेल. म्हणून मी सगळ्या धुतल्या. दोन दिवस मशीन चालू होतं. शेवटच्या पाण्यात ते वासाचं निळं औषध घातलं, आणि इस्त्रीही केली, कारण चुरगळलेली साडी वाऱ्यावर नीट उडत नाही असं सुमंतचं म्हणणं. माझ्या नवऱ्याला वाऱ्याचं काय कळतं ते सोड.

तू दाराला आतून कडी घालतेस ना? विशू असताना मी हे कधी विचारलं नाही. आता रोज विचारावंसं वाटतं आणि फोनवर तुला ऐकू येत नाही. शहराबाहेर बेसापर्यंत सगळीकडे दिवे झाले आहेत, पण त्यापुढे काय आहे ते मला माहीत आहे. एकटी बाई तीन एकरांत, मला हे पटत नाही. तुझ्या हट्टासाठी गप्प बसले आहे.

उत्तरा

———

पिंपळढोडा, गुरुवार, ३ ऑक्टोबर

ती. ताई,

साड्या पोचल्या. बळीराम आणि त्याची बायको तुळसाबाई मदतीला आले. दिवसभर बांबू रोवले आणि साड्या ताणून बांधल्या. शेत असं दिसायला लागलं की रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. इतवारीतलं कापडाचं दुकानही इतक्या रंगांचं नसेल. मळणीच्या टेम्पोवाल्याने तर विचारलं, लग्न कुणाचं आहे.

तीन दिवस काही आलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी जाऊन पाहिलं तर गुलाबी जरीकाठाच्या खालून आत शिरून सोयाबीनची नऊ तासं, नऊच्या नऊ ओळी, फस्त केलेली. आणि साडी डुकरांनी ओढून खाली पाडून तिच्यावर लोळण घेतलेली. सगळ्या अंगाचा चिखल तिला पुसलेला.

बळीरामने साडी उचलली, नाकाशी धरली आणि माझ्याकडे बघत राहिला. "बाई, ह्या धुतल्या काहून? डुकराले माणसाचा वास पायजे. वास आला म्हंजे त्याले वाटते माणूस बसून राहिला. हे तं फुलाचा वास घेऊन राहिले." तुळसाबाई पदराआड हसत होती. मीही हसले. तुमच्यावर रागावले नाही, तुमच्या हातून न धुतलेली वस्तू बाहेर जाणार नाही हे मला लग्नापासून माहीत आहे.

आता माझी नेसती लुगडी न धुता बांधते आहे. पण एका म्हातारीचा वास तीन एकरांना पुरत नाही. बळीराम म्हणतो, गड्याच्या घामाचं कापड असलं तर जनावर पुढे येत नाही. त्याने त्याच्या दोन बंड्या आणून दिल्या. मग सहज म्हणाला, "साहेबांचं काही असन तं बांधा ना."

तेव्हा मला कळलं की माझ्याकडे यांचं तसं काहीच नाही. सुतक फिटल्यावर रीतीप्रमाणे मी घरातलं सगळं धुतलं. त्यांचे शेतावरचे मळके कपडे दोरीवर होते, तेही मीच धुतले, दोन दोन पाण्यांतून. बरेचसे तेराव्याला दिले. दोन सदरे पेटीत ठेवले आहेत. पेटी उघडून मी ते हुंगते आणि साबणाचा वास येतो. दवाखान्यातली कपड्यांची पिशवी तर तिथेच राहिली असं तुम्ही म्हणाला होता. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. आता वाटतं.

असो. सोयाबीन दसऱ्याआधी कापायला घेते.

जयवंता

———

रामदासपेठ, मंगळवार, ८ ऑक्टोबर

चि. जयवंता,

माझी चूक झाली. सहा मजल्यांची मेहनत डुकरांच्या लोळण्यात गेली. अस्मिताला मी अजून सांगितलेलं नाही.

रामाजीबरोबर दोन पोती पाठवते आहे. उघडताना घाबरू नकोस, आत माणसांचे केस आहेत. सुमंतने कुठेसं वाचलं की बांधाला केस टाकले तर ते डुकराच्या नाकात जातात आणि ते परत फिरतं. तो सकाळपासून धंतोलीतल्या चार केशकर्तनालयांत फिरला. तिसऱ्या ठिकाणी त्याला विचारलं, काका, विग करता का. हा माणूस मला सांगतो, मी हो म्हणालो, शेताला विग करतो आहे.

शिवाय सुमंतचे तीन सदरे आहेत. त्याला मी दिवसभर आणि रात्रीही एकच सदरा घालायला लावला, दुसऱ्या दिवशी दुसरा, मग तिसरा. जेवताना मी खिडकीकडे तोंड करून बसत होते. हे मी धुतलेले नाहीत, शपथेवर सांगते.

सोयाबीन बायांकडून कापून घे, तू वाकू नकोस. दसऱ्याला इकडे येतेस का? वर्षाच्या आत आपल्याला सण नाही, पण नुसतं जेवायला ये.

बाकी सर्व ठीक.

उत्तरा

———

पिंपळढोडा, सोमवार, १४ ऑक्टोबर

ती. ताई,

सोयाबीन घरात आलं. अर्ध्याला थोडं कमी. केसांनी दोन दिवस चांगलं काम केलं, मग पाऊस येऊन गेला आणि केस चिखलात बसले. सुमंतरावांच्या सदऱ्यांबद्दल बळीराम म्हणाला, वास आहे पण पावडरचा आहे. त्यांना सांगू नका.

आता डुकरांना सोयाबीन उरलं नाही, म्हणून ती कपाशीत शिरतात. झाडं मोडतात, बोंडं चावून टाकतात. रोही वरून खातात आणि डुकरं खालून. नाल्याच्या बाजूच्या चार ओळी गेल्या. मी त्या ओळी मोजायच्या नाहीत असं ठरवलं होतं, पण प्रत्येक झाड यांनी वाकून लावलेलं आहे, डोळ्यांसमोरून जात नाही. उरलेली बोंडं पंधरा दिवसांत फुटतील. तेवढे पंधरा दिवस निभावायचे आहेत.

दसऱ्याला येता आलं नाही. थोडं काम होतं.

तुमचं मागचं पत्र मी दोनदा वाचलं. केसांचं आहे, सदऱ्यांचं आहे, दसऱ्याचं आहे. पिशवीबद्दल एक शब्द नाही. ताई, तुम्ही कधी कुठल्या गोष्टीवर गप्प बसत नाही. जुलैमध्ये सुमंतराव मला म्हणाले होते की दवाखान्यातलं सगळं सामान त्यांनी गाडीत घालून आणलं. तेव्हा मी शुद्धीवर नव्हते, पण ऐकलेलं आठवतं. म्हणून सरळ विचारते. पिशवी कुठे आहे?

जयवंता

———

रामदासपेठ, गुरुवार, १७ ऑक्टोबर

जयवंता,

तुझं थोडं काम काय होतं ते रामाजीने सांगितलं. "तुमच्या भावजयचा हात गळ्यात बांधून हाय, तुमाले सांगितलं नाई का? डुकरानं पाडलं नं बाईले." माझ्या हातातला साखरेचा डबा खाली पडला. मग त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. कपड्यांचा वास पुरत नाही म्हणून तू स्वतः संध्याकाळी नाल्याच्या बांधावर जाऊन बसायचीस, स्टुलावर, माणूस बसला आहे हे जनावराला कळावं म्हणून. कानात यंत्र असून तुला मागून आलेलं डुक्कर ऐकू आलं नाही. मनगटावर भागलं. मांडीवर सुळा लागला असता तर मी कुणाला पत्र लिहिलं असतं?

मला तुझा फार राग आला. रात्रभर तुला काय काय लिहायचं ते ठरवत होते. सकाळी उठले आणि लक्षात आलं की तू बांधावर बसलीस त्याला कारण मी आहे.

पिशवी माझ्याकडे आहे. माझ्या कपाटात, वरच्या फळीवर, गाद्यांच्या खोळींच्या मागे.

विशू दवाखान्यात होता तेव्हा रोज त्याचे उतरलेले कपडे मी घरी आणून धूत होते, तुला माहीत आहे. शेवटच्या दिवशीही आणले. बादली भरली, पावडर घातली, आणि सुमंतचा फोन आला. परत आल्यावर ते पाणी मी ओतून दिलं. त्या कपड्यांना पाणी लावणं माझ्याच्याने झालं नाही. आयुष्यात मी न धुतलेलं कापड घरात ठेवलं ते एवढंच.

तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. त्याचं सगळं तुझं, घर तुझं, शेत तुझं, तेराव्याला लोक तुझ्या शेजारी बसले. ते बरोबरच आहे. पण त्याला मी अंगाखांद्यावर वाढवला होता गं, सहासष्ट वर्षं तो माझा भाऊ होता आणि माझ्या हातात काही उरलं नाही. म्हणून पिशवी ठेवून घेतली. कधी कधी तोंड सोडून नाक लावते आणि पुन्हा घट्ट बांधते. सुमंतलाही माहीत नाही. मला याची लाज वाटते.

पिशवी उद्या रामाजीबरोबर पाठवते आहे. एक निळ्या चौकटीचा सदरा, एक पांढरा, आणि त्याचा खांद्यावरचा दुपट्टा. कुंपणाला बांध नाहीतर पेटीत ठेव. मी विचारणार नाही. फक्त पुन्हा त्या बांधावर बसू नकोस.

उत्तरा

———

पिंपळढोडा, सोमवार, २८ ऑक्टोबर

ती. ताई,

पिशवी अठरा तारखेला मिळाली. तीन दिवस मी ती उघडली नाही. तुमच्यावर इतका राग आला होता की पत्र लिहिलं असतं तर आपलं बोलणं संपलं असतं. मी इकडे पेटीतला साबण हुंगत होते आणि त्यांचा वास तुमच्या खोळींच्या मागे होता. तुळसाबाईला सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती, म्हणाली, "बहीण हाय ना वं त्याची. तिनं तं ठेवलं, तू तं धुऊन टाकलं."

मग पिशवी उघडली. त्यांचं खोबरेल, दवाखान्याचं मलम आणि घाम. मी खूप रडले. तीन महिने रडू येत नव्हतं, ते आलं.

दुसऱ्या दिवशी सदरे घेऊन नाल्याच्या बाजूला गेले. बांबूपाशी उभी राहिले आणि बांधवेनात. चिखलात लोळलेली गुलाबी साडी डोळ्यांसमोर आली. शेवटी दुपट्टा बांधला, कारण तो त्यांनी शेतावरच वागवला होता. सदरे परत आणले.

परवा कपाशी फुटली म्हणून पहिला वेचा काढला. आधी सीतादही करतात, शेताच्या कोपऱ्यात दहीभात ठेवून हात जोडायचे. ते तुळसाबाईने माझ्याच हातून करवलं. वेचायला सहा बाया आल्या. तुम्ही पाहिलं असेल, वेचणाऱ्या बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना सदरा घालतात. कपाशीच्या पऱ्हाट्यांनी हात ओरबाडत नाहीत आणि उन्हाचंही लागत नाही. मी शाळेत मास्तरीण, शेतावर आले तरी साडी आणि पदर, सदरा कधी घातला नव्हता. परवा निळ्या चौकटीचा घातला. बाह्या दुमडल्या, कमरेला फडकं बांधलं आणि ओळीला लागले. डावा हात अजून दुखतो, उजव्याने वेचलं. एकीने मागची कॉलर नीट केली.

बळीरामचं म्हणणं, आता डुकरं या बाजूला येत नाहीत. दुपट्ट्यामुळे, की आम्ही सात जणी दिवसभर घाम गाळतो म्हणून, की पलीकडे मका आहे म्हणून, ते सांगता येत नाही. येत नाहीत एवढं खरं.

रविवारी भाऊबीज आहे. तुम्ही त्या दिवशी घरात बसून काय करणार ते मला ठाऊक आहे. इकडे या. पांढरा सदरा तुमच्यासाठी ठेवला आहे. कापूस वेचायला.

जयवंता

———

रामदासपेठ, मंगळवार, २९ ऑक्टोबर

चि. जयवंता,

रामाजी चहा पीत बसला आहे तेवढ्यात लिहिते. येतो. मी आणि सुमंत, रविवारी सकाळी. फराळ आणते, तुझ्याकडे यंदा कढई चढणार नाही. मला कापूस वेचता येत नाही. सत्तराव्या वर्षी शिकेन.

तू बोलणं संपवलं नाहीस, त्याबद्दल काय लिहू.

उत्तरा

———

रामदासपेठ, मंगळवार, ५ नोव्हेंबर

जयवंता,

हे पत्र आधी पूर्ण वाच. वाचून झाल्यावर तुला जे म्हणायचं ते म्हण.

परवाचा दिवस माझा फार चांगला गेला होता. विशूचा सदरा घालून तुझ्या शेजारच्या ओळीत चालले. दुपारपर्यंत माझी पाठ धरली, तुळसाबाईने मला शिकवलं की बोंड ओढायचं नाही, चिमटीत उचलायचं. ओवाळायला कुणी नव्हतं, तरी दिवस गेला. सुमंत खाटेवर झोपून घोरत होता, तेही बरं वाटलं.

संध्याकाळी तुम्ही दोघी कापूस घरात रचत होता. दोन्ही सदरे दोरीवर टाकलेले होते. पाठीवर माती, कॉलरला काळी रेघ, बाह्यांना पऱ्हाटीचा चीक. आणि जयवंता, मी डोक्याने काही विचारच केला नाही. बादली होती, साबणाची वडी होती, हात आपोआप चालले. पिळून वाळत घातले, चिमटे लावले आणि हात पुसून गाडीत बसले.

बेसा आलं तेव्हा सुमंतने विचारलं, हाताला साबणाचा वास येतो आहे, काय धुतलंस. मी तिथे गाडी थांबवायला लावली. परत फिरावं असं वाटलं, पण परत जाऊन काय करणार होते.

जुलैत बादली भरून ठेवली तेव्हा ज्या कपड्यांना मला पाणी लावता आलं नाही, ते मी परवा वडी घासून धुतले. कशी माझ्या हातून ही गोष्ट झाली? एवढे महिने मला ते तुझ्यापासून चोरून ठेवता आले, आणि तू परत मिळवलेस ते मी एका संध्याकाळी घालवले. तू उठून पाहिलं असशील तेव्हा तुला काय वाटलं असेल, या विचाराने मला जेवण जात नाही. मला क्षमा कर असं म्हणायचा मला अधिकार नाही.

उत्तरा

———

पिंपळढोडा, सोमवार, १८ नोव्हेंबर

ती. ताई,

उत्तराला उशीर झाला. आधी पेरणी होती आणि मग दुसरा वेचा. तुम्ही इतके दिवस जेवला नसाल तर आता जेवा.

मी उठून पाहिलं नाही, मी आधीच पाहिलं होतं. तुम्ही बादली घेऊन टाकीकडे गेलात तेव्हा मी कापसाच्या खोलीच्या दारात उभी होते. तुम्ही पहिल्यांदा निळा सदरा बुडवलात. मला हाक मारता आली असती, अंगण काही फार मोठं नाही. तोंडापर्यंत शब्द आला होता. तुळसाबाई माझ्याकडे पाहत होती. मी हाक मारली नाही.

का नाही मारली, याचा मीही नंतर विचार केला. पहिल्या वेचणीच्या सकाळी तो सदरा अंगात घातला तेव्हा त्यात ते होते. दुपारी थोडे होते. तिसऱ्या दिवशी मी नाक लावलं तर माझाच घाम होता, माझा आणि कापसाचा. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. वास राखायचा असता तर सदरा पेटीत ठेवायला हवा होता. मी तो अंगात घालून कामाला नेला, तेव्हाच तो गेला. तुम्ही धुतलात तो माझ्या घामाचा सदरा होता, पांढरा तुमच्या घामाचा. तुमच्या डोक्यावर हे ओझं नको म्हणून लिहिते. तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिलेलं नाही, खोटं बोलणं मला जमत नाही, ते तुमच्याकडे.

हे थट्टेने लिहिलं, रागावू नका.

कापूस निम्म्याहून जास्त घरात आला. समोरची खोली खिडकीपर्यंत भरली आहे, दार उघडायला रेटावं लागतं. तिसरा वेचा उरला आहे, तूर उभी आहे. चार ओळी जनावरांनी नेल्या, त्यांचं दुःख आहे. पण यांनी टोबलेलं घरात आलं, ताई. रोज सकाळी चहा घेऊन मी त्या खोलीच्या दारात उभी राहते आणि मला बरं वाटतं.

पीक घरात आलं की पुढचं ठरवीन असं मी तुम्हाला लिहिलं होतं. तुम्ही विचारणार, म्हणून आधीच सांगते. सोयाबीनचा एकर रिकामा पडला होता. आठ तारखेला बळीराम तिफण घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, हरभरा पेरून टाकू का? जमिनीत वल हाय अजून." मी हो म्हटलं, या वेळी नीट ऐकून. आजवर तिफणीच्या चाड्यावर दाणे सोडायची मूठ हे धरायचे आणि मी मागून बघायची. त्या दिवशी मी धरली. पहिल्या तासाला दाणे कुठे दाट, कुठे विरळ पडले, मग हाताला सवय झाली. ज्याला त्यांचा हात लागलेला नाही असं या शेतातलं हे पहिलं पीक. पेरताना डोळ्यांना पाणी होतं, पण हात थांबवता येत नाही, तास मोकळा जातो.

आता तो दोन बोटं वर आला आहे. तो राखायचा आहे, म्हणून मी इथेच आहे.

जयवंता